रुमालाखालचं उत्तर

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची बस लागेपर्यंत हणमंतानं एकच वाक्य मनात सात-आठ वेळा घोळवलं होतं. ‘आबाला काय पायजे ते करा, पण उपाशी ठेवायचं न्हाई.’ एवढंच बोलायचं आणि मग कुणी काही म्हणो, गप्प बसायचं. मांडीवर दुधाची कॅन होती. आबांना पातळ काही गिळता येत नाही, लगेच ठसका लागतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी गावाकडून पहाटे निघताना त्यानं धार काढून कॅन भरून घेतली होती. रिकाम्या हातानं बापाकडं कसं जायचं?

तरोडा नाक्याला उतरून तो धाकट्या भावाच्या घरी पोचला तेव्हा दहा वाजले होते. रामलिंग रेल्वेच्या ऑफिसात होता; आज रविवार म्हणून घरीच सापडला. गॅलरीतल्या उन्हात खुर्ची टाकून आबा बसले होते. धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर तोच लाल चौकडीचा रुमाल. इलाजासाठी इथं आल्यापासूनच्या तीन महिन्यांत गालांची हाडं वर आली होती, रुमाल मात्र इस्त्रीचा होता. शेजारी माय, तुळजाबाई, हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

“आलास,” तुळजाबाई म्हणाली. “ह्यांना वाटलं, बस चुकली.”

आबांनी काहीतरी म्हटलं. शब्द ओल्या कापडाच्या घड्यांसारखे एकमेकांना चिकटून बाहेर आले. हणमंताला एकही कळला नाही. त्यानं हसून मान हलवली आणि आपण बापाला फसवलं असं त्याला लगेच वाटलं.

चाळीस वर्षं ह्या माणसाच्या आवाजावर जनावरांचा बाजार चालला होता. ग्यानोबा दलाल म्हणजे देवणीच्या खोंडाचा दाखला, असं उदगीरपासून देगलूरपर्यंत बोललं जायचं. विकणाऱ्याला वाटायचं, ग्यानोबा आपला. घेणाऱ्याला वाटायचं, आपलाच. दोघांना जे ऐकायचं ते तो ऐकवायचा आणि दोघांना एका झाडाखाली आणून उभं करायचा. आषाढात जीभ जड झाली. दिवाळीला नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा हणमंतानं ते आरतीकडून कागदावर लिहून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. अजून त्याला ते नीट म्हणता येत नव्हतं.

आरती रामलिंगची मुलगी. जीवशास्त्रात एमएस्सी करून ती कॉलेजात शिकवायला लागली होती. चहा झाल्यावर ती फाईल घेऊन आली आणि आबांच्या समोर, सगळ्यांना दिसेल अशी खाली बसली.

“मोठेबाबा, आधी आजार सांगते, मग कागद,” ती म्हणाली. “मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी असतात. त्या मरत चालल्यात. आबांच्या आधी जिभेच्या आणि घशाच्या गेल्या. मग हाताच्या जातील, मग श्वासाच्या. डोकं साफ राहतं. आपण बोलतोय ते सगळं त्यांना कळतंय.”

“ते मला म्हाईत हाय,” हणमंत म्हणाला. “डोकं त्यांचं कधी बिघडलं न्हाई.”

“गिळणं थांबत आलंय. पोटाला छोटं छिद्र करून नळी बसवता येते, तीतून जेवण द्यायचं. पण श्वास बरा आहे तोवरच ती बसवणं ठीक. म्हणून मंगळवारची वेळ घेतलीय. आणि आबांना काय पाहिजे, काय नको, ते आत्ताच कागदावर यायला हवं. दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागतो. पुढे त्यांना सांगता येईनासं झालं, तर त्यांच्या वतीनं कोण बोलणार त्याचं नावही लागतं.”

“मग विचार की त्यांना. बसलेत समोर.”

“विचारलं,” आरती म्हणाली आणि तिनं वही उघडली. “तीन आठवडे लिहून ठेवतेय. सवयीनं आम्हाला त्यांचं बोलणं थोडं कळतं. बारा तारखेला तुमच्याशी फोनवर, मी मध्ये सांगत होते: सगळं करा, हणमंत म्हणेल तसं. पंधराला पप्पांना: नळ्या-बिळ्या नको. सोळाला आजीला: तू म्हणशील तसं. आईला तर म्हणाले, तुला सोपं पडेल ते कर.”

“मला म्हणाले ते खरं वाटलं मला,” उज्वला दारातून म्हणाली. ती रामलिंगची बायको. आबांचं खाणंपिणं तीन महिने तीच बघत होती.

“मला म्हणाले तेपण मला खरं वाटलं,” रामलिंग म्हणाला. “दादा, स्पष्ट बोलतो. मशीनवर ठेवायला माझी तयारी नाही. माणिकप्पा काकाचं आपण बघितलंय.”

“मशीनचं मी कुठं म्हणलो? जेवणाचं म्हणून राहिलो. गावात मला लोक विचारतील, बाप कशानं गेला. काय सांगू? भाकरी न्हाई दिली?”

“लोकांसाठी नळी घालायची का?”

“लोकांसाठी कामून? माझ्यासाठी.”

हे बोलून गेल्यावर हणमंतालाच ते ऐकू आलं. तो घाटे सोलू लागला.

आरतीनं आबांकडं वळून, हळू आणि स्पष्ट विचारलं, “आबा, पोटातून नळी बसवायची?”

आबांनी हणमंताकडं पाहिलं आणि मान हलवली. हो.

“आबा,” रामलिंग पुढं झुकला, “त्रास होतो त्या नळीचा. नको ना?”

आबांनी रामलिंगकडं पाहिलं आणि तितक्याच ममतेनं मान हलवली. नको.

उज्वलानं पदर तोंडाला लावला. आरतीनं पेन खाली ठेवलं. “हे असं होतंय. नोटरी काहीही वाचून दाखवू दे, ते त्यालापण मान हलवतील.”

“हलवतीलच,” तुळजाबाई म्हणाली. ती इतका वेळ कुणाकडं बघत नव्हती. “तोंडानं खरा भाव ह्या माणसानं जन्मात कधी सांगितला नाही. सांगितला असता तर धंदा झाला असता का? खरा भाव रुमालाखाली.”

सगळे आबांच्या खांद्याकडं बघायला लागले.

जनावरांच्या बाजारात भाव चारचौघांत बोलायचा नसतो. दोघांनी हात पुढं करायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. बोट धरून आपल्याकडं ओढलं की मंजूर, ढकललं की नामंजूर. बाहेर तोंड काहीही बोलत असो, ‘अरे कसलं जनावर हे’ म्हणो, आत बोटांनी दिलेलं फिरवायचं नाही. रुमालाखाली खोटा ठरलेल्या माणसाच्या हातावर पुढच्या बाजारी कुणी रुमाल टाकत नाही. हणमंत आठव्या वर्षापासून आबांबरोबर बाजाराला जायचा; ही भाषा घरात तो आणि आबा सोडून कुणाला येत नव्हती. माणिकप्पा काकाला येत होती. तो आता नव्हता.

“उजवा हात अजून चांगला आहे,” आरती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “पण आधी तपासून बघू. आजी, असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर फक्त तुला आणि आबांना माहीत आहे. आकडा पाहिजे. उत्तर माझ्या कानात सांग.”

तुळजाबाईनं क्षणभर विचार केला. “लग्नाआधी हे मला बघायला किती डाव आले?” मग नातीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली.

हणमंत आबांच्या पुढ्यात पाटावर बसला. आबांनी रुमाल स्वतःच खांद्यावरून काढला, एका झटक्यात पसरला आणि दोघांच्या हातांवर टाकला. तो झटका जसाच्या तसा होता. आत आबांचा हात गार आणि हलका लागला, पण बोटं लगेच बोलू लागली. त्यांनी हणमंताची दोन बोटं धरली.

“दोन,” हणमंत म्हणाला.

“आजीनं तीन सांगितलेत,” आरती निराश झाली.

तुळजाबाई आबांकडं रोखून बघत होती. मग तिनं मांडीवरची टरफलं झटकली. “दोनच. तिसऱ्या डावाला आमच्या बापाचा गोऱ्हा बघायला आले होते. मी आपली पन्नास वर्षं तीन सांगते आणि हे पन्नास वर्षं हो म्हणतात.”

आबांच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला, त्याचा ठसका झाला. उज्वला धावत येऊन त्यांची हनुवटी खाली धरून उभी राहिली. ठसका थांबल्यावर आरती म्हणाली, “लिहून घेते,” आणि खरंच तिनं ते लिहून घेतलं.

मग ती एकेक वाचू लागली. हणमंतानं रुमालाखाली पहिलं बोट पुढं केलं.

“एक. रात्री श्वासाला मदत म्हणून तोंडाला मास्क. कुठं कापायचं नाही, नको वाटला की काढता येतो.”

आबांनी बोट ओढलं. “मंजूर,” हणमंत म्हणाला.

“दोन. श्वास अगदी कमी पडला तर गळ्याला छिद्र पाडून मशीन. ते लागलं की बहुतेक कायमचं.”

बोट ढकललं गेलं. हणमंत तोंड उघडणार, तेवढ्यात आबांच्या बोटांनी त्याचं मनगट पकडलं आणि भोवती फिरली. एकदा, दोनदा, बँडेज गुंडाळावं तशी. मग घट्ट आवळली.

बाजाराच्या खुणेत असली खूण नव्हती. तरी ती हणमंताला कळली. लातूरच्या एका दवाखान्यात माणिकप्पा काका एकोणीस दिवस मशीनवर होता. नळी ओढतो म्हणून त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधले होते. काकाला मुलगा नव्हता. प्रत्येक कागदावर सही हणमंतानं केली होती, हात बांधायच्या कागदावरसुद्धा. आबा रोज भावाच्या खाटेशी उभे राहायचे, आणि एक दिवस त्यांनी चादरीखालून काकाच्या बांधलेल्या हाताशी आपला हात नेला होता. बाहेर येऊन म्हणाले होते, ‘काही नाही, झोपलाय.’ त्या दोघांचं आत काय बोलणं झालं, हे हणमंतानं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“दादा?” रामलिंग म्हणाला.

“मशीन नामंजूर,” हणमंत म्हणाला. “आन लिही, हात बांधायचे न्हाईत. काही झालं तरी.”

“हे यादीत नव्हतं, मोठेबाबा.”

“आता हाय.”

आरतीनं त्याच्याकडं पाहिलं आणि लिहिलं. “तीन. काळीज थांबलं तर छाती दाबून परत सुरू करणं.” नामंजूर. “पाच आधी घेते. शेवटी दवाखाना की घर?”

पहिलं बोट दवाखाना, दुसरं घर; आबांनी दुसरं ओढलं. कुठलं घर, हे हणमंतानं विचारलं. गावाकडचं, असं उत्तर आलं. उज्वलानं मान खाली घातली. तीन महिने इथं राबूनही हे घर झालं नव्हतं असं तिला वाटलं असावं. तुळजाबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

“आता चार,” आरती म्हणाली. “पोटातली नळी. आबा, नीट ऐका. नळी घातली तर वजन टिकेल, ठसक्याची भीती कमी होईल, बहुतेक काही महिने वाढतील. नाही घातली तर तोंडानं जेवढं जाईल तेवढंच. ते कमी होत जाईल. त्या वेळी तहान, घाबरं होणं, ह्यावर औषधं असतात, ती देता येतात.”

हणमंतानं चौथं बोट पुढं केलं. आबांनी ते हातात घेतलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. आता ओढतील, असं हणमंताला वाटलं. मग बोट हळूच, पण पुरतं ढकललं गेलं.

त्यानं परत पुढं केलं. घेणारा एकदा नाही म्हणाला की लगेच उठायचं नसतं, हे आबांनीच शिकवलेलं. ह्या वेळी आबांनी बोट धरलंसुद्धा नाही. उघड्या तळव्यानं मागं सारलं.

बाहेर काहीच दिसत नव्हतं. लाल चौकडीचा रुमाल, त्याखाली दोन हातांचा उंचवटा. आबांचा चेहरा भाव चालू असताना असायचा तसा, कोरा. रामलिंग, उज्वला, आरती, माय. चौघं हणमंताच्या तोंडाकडं बघत होते. मंजूर, असं म्हणायचा अवकाश. आरती लिहील. नोटरी वाचेल, आबा मान हलवतील. मंगळवारी नळी बसेल. मागच्या साली बैलानं चारा सोडला तेव्हा हणमंतानं बारा दिवस बांबूच्या नळकांड्यानं त्याला पेज पाजली होती आणि बैल उभा राहिला होता. इथं तर डॉक्टर सांगतायत, महिने वाढतील. कोण विचारणार होतं? ही भाषा येणारे दोघंच, आणि त्यातला एक बोलू शकत नव्हता.

रुमालाखाली आबांचा हात वाट बघत होता. ओढत नव्हता, ढकलत नव्हता. नुसता होता.

“न्हाई म्हणतेत,” हणमंत म्हणाला. “दोन डाव विचारलं. न्हाईच म्हणतेत.”

गल्लीतून एक ऑटो गेला.

“मला वाटलं होतं तुम्ही…” रामलिंगनं वाक्य सोडून दिलं. त्यालाही हे उत्तर नको होतं. तोंडानं नळीला नको म्हणणारा तो, पण मंगळवारची वेळ त्यानंच घेतली होती.

“नळी असती तर मला सोपं गेलं असतं,” उज्वला म्हणाली. “मनात ठेवण्यापेक्षा बोलून मोकळी होते. एकेक चमचा द्यायला तास जातो. पण त्यांचं नाही तर नाही.”

“मंगळवारी जायचंच,” आरती म्हणाली. “डॉक्टर त्यांना एकटं बसवून परत विचारतील; फक्त मोठेबाबा, तुम्ही आत जा रुमालासाठी. आणि आबा, कागद कधीही बदलता येतो. उद्यासुद्धा. मी दर पंधरा दिवसांनी विचारणार आहे.”

“मास्तरीण हाय,” हणमंत आबांना म्हणाला. आबांनी डोळे बारीक केले.

“आता शेवटचं. नाव.”

हणमंतानं रुमाल सारखा केला. “एक म्हणजे मी. दोन रामलिंग, तीन माय, चार आरती,” तो म्हणाला आणि लगेच आपलं पहिलं बोट आत मिटून दुसरं पुढं केलं. रामलिंगला कायदेकानून कळतात, इंग्रजी कळतं, दवाखाना इथं आहे. शिवाय त्याच्या हातानं कुणाचे हात बांधले गेलेले नाहीत.

आबांनी मिटलेली मूठ चाचपली, पहिलं बोट शोधून उकललं आणि ओढलं.

हणमंतानं ते सोडवून घेतलं, परत दुसरं दिलं. आबांनी परत पहिलं काढलं. ह्या वेळी ओढल्यावर सोडलं नाही.

“काय भाव आला?” तुळजाबाईनं विचारलं.

“माझं नाव घेतलं,” हणमंत म्हणाला. “माय, ह्यांना सांग. मी काय केलंय ते ह्यांना म्हाईत हाय.”

“म्हाईत हाय म्हणूनच असंल,” तुळजाबाई म्हणाली. “आन आत्ता काय केलंस तेबी त्यांनी बघितलं. गुमान लिहून घे गं, आरती.”

आरतीनं लिहिलं: हणमंत ग्यानोबा, थोरला मुलगा. त्याखाली, तो नसेल तर, रामलिंगचं नाव घालायचं का म्हणून तिनं विचारलं. आबांनी रुमालाची वाट न बघता मान हलवली, आणि ह्या एकदा सगळ्यांनी ती खरी धरली.

मग आबांनी रुमाल उचलला, चार घड्या केल्या आणि खांद्यावर टाकला. बाजारात ह्याचा अर्थ सौदा मिटला, आता चहा. त्यांनी अंगठा ओठांकडं नेला.

उज्वला उठायला लागली. “मी देतो,” हणमंत म्हणाला. “मला दाखव.”

तिनं त्याच्यासमोर पातेलं ठेवलं. त्यानं आणलेलं दूध तिनं तापवून चहात घातलं होतं. “ही घट्ट करायची पावडर, दोन चमचे. हलवत राहायचं, गुठळी नको. मधासारखं झालं पाहिजे. पातळ राहिलं की ठसका.” हणमंतानं हलवलं. ती बघत राहिली. “अजून, दादा.” त्यानं अजून हलवलं.

तो आबांसमोर पाटावर बसला. “सरळ बसवा. हनुवटी खाली. अर्धाच चमचा,” उज्वला मागून सांगत होती. “आणि गिळल्याशिवाय दुसरा नाही. गळ्याकडं बघायचं.”

हणमंतानं अर्धा चमचा आबांच्या ओठांशी नेला. ओठ उघडले. चहा आत गेला. तो गळ्याकडं बघत राहिला. काहीच हललं नाही. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली. सहावर गळ्याची घाटी वर चढली, थबकली आणि खाली आली. ठसका लागला नाही.

आबांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेलं एक बोट उचललं.

हणमंतानं दुसरा चमचा भरला. अर्धाच.